नवसाचे केस

बाबा, तुमची धोकटी मी पुन्हा हातात घेतली, हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. पुढचं ऐकून वाटणार नाही, पण सुरुवात तरी चांगल्यानं करतो. मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली त्या दिवशी घरात सगळे पेढे खात होते आणि तुम्ही आतून ती कातडी धोकटी आणून माझ्या मांडीवर ठेवलीत. दोन कात्र्या, कंगवे, वस्तरा आणि धार लावायचा पट्टा. नोकरीचा काही भरवसा नसतो, असू दे जवळ, म्हणालात. मी ती माळ्यावर टाकली. ऑफिसात कुणी विचारलं की वडिलांचं धरमपेठेत दुकान आहे एवढंच सांगायचो, आणि कशाचं ते विचारायच्या आत चहा मागवायचो. तुम्हाला हे ठाऊक असावं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला खुर्चीत बसवून गप्पा मारणारे तुम्ही, पण माझ्या साहेबांना 'या एकदा दुकानात' असं कधी म्हणाला नाहीत.

मी रिटायर झालो आणि प्रतापनगरच्या घरात दिवसभर टीव्हीसमोर बसून तुमच्या सुनेचं डोकं खाऊ लागलो. तिनंच मला तिच्या सत्संग मंडळात नेलं. तिथे सेवावर्ष घेतात. हातात अक्षता घेऊन संकल्प करायचा आणि वर्षभर रोज मंडळाच्या निवाऱ्यात जाऊन बेघर माणसांची सेवा करायची. मानधन नाही, सुट्टी नाही. खरं सांगतो, मी अक्षता उचलल्या त्यात भक्ती कमी आणि कंटाळा जास्त होता. कुणाला काय येतं असं विचारलं गेलं. कुणी स्वयंपाक घेतला, कुणी मलमपट्टी. मला फायली सोडून काही येत नव्हतं. मग कसं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर म्हणालो, मला केस कापता येतात, माझे वडील न्हावी होते. अडतीस वर्षं जपलेली गोष्ट! कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला, की एवढ्यासाठी मी एवढा खटाटोप केला.

पहिल्या महिन्यात कात्री अडखळायची, मग बोटांना आठवत गेलं. फूटपाथवरून आलेल्या माणसाला आधी आंघोळ, मग केस-दाढी, धुतलेले कपडे, प्रार्थना आणि मग जेवण, असा निवाऱ्याचा क्रम. मंडळाच्या ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो जायचे, आणि खाली लोक लिहायचे, भाऊंच्या हातात जादू आहे. मी ते रात्री चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचायचो. हे सगळं तुमच्यासाठी करतोय असं मी बायकोला सांगायचो. तिनं एकदा विचारलं, मग मोबाइल कशाला बघता सारखा?

थंडीतली सकाळ होती. रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगेसमोर झोपणारा एक साठीचा माणूस आणला होता. कमरेपर्यंत जटा, फडक्यात गुंडाळलेल्या. दहा वाजता बाहेरगावचे मोठे साधक निवारा बघायला यायचे होते, आणि आमच्या प्रमुख ताईंची इच्छा होती की तोवर सगळे आवरून प्रार्थनेला बसलेले असावेत. आंघोळीच्या वेळीही त्यानं फडकं सोडलं नव्हतं. खुर्चीत बसवून ते मी सोडलं. जटांमध्ये उवा होत्या, वास होता. मोठी कात्री घेऊन मी कानाजवळून सुरुवात केली. वीस मिनिटांत डोकं मोकळं, दाढी साफ. निवृत्त हेडमास्तर दिसतात की, असं कुणीतरी म्हणालं आणि फोटो काढला.

त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि केस शोधत खाली बघितलं. खाली काही नव्हतं. झाडून पोत्यात भरलं होतं आणि कचऱ्याची गाडी ते घेऊन नुकतीच गेली होती. मी पायात चप्पल नसताना गाडीमागे चौकापर्यंत पळालो, ती मिळाली नाही. परत आलो तर तो तसाच खुर्चीत.

"माही बायको महादेवाच्या यात्रेत हरवली," तो म्हणाला. "ते भेटली का हे केस वाहीन, असं बोललो होतो. आता त्याले काय देऊ गा?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं, दिवसभर डोक्यावर फडकं घेऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला नाही. दिलेला स्वेटर घडी करून खाटेवर ठेवला होता. मी तीन महिने रामदासपेठेचे फूटपाथ, देवळं, स्टेशनसमोरची रांग धुंडाळली. भेटला असता तर काय म्हणणार होतो, मला माहीत नाही.

मला तेव्हा तुमच्या दुकानातली दुपार आठवली. मी तेरा वर्षांचा आहे, तुम्ही चहा सांगायला गेला आहात, आणि पंख्याखाली एक म्हातारा गिऱ्हाईक खुर्चीत घोरतोय. मला कसब दाखवायची घाई. मी त्याची अर्धी मिशी उडवतो. तुम्ही येता, मारत नाही. त्याला उठवता आणि मलाच सांगायला लावता. तो हसतो, उरलेलीही काढ म्हणतो. संध्याकाळी शटर ओढताना तुम्ही मला म्हणता, "त्याले इचारलं होतं का तू? डोकं त्याचं हाये. आपली फक्त खुर्ची हाये."

मंडळात सगळ्यांनी माझी समजूत घातली. ताई म्हणाल्या, भाऊ, तो काही बोललाच नाही, तुम्हाला कसं कळणार? केस काय, पुन्हा वाढतील. मी मान हलवली. संकल्प पूर्ण झाला त्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला. पडद्यावर वर्षभराचे फोटो दाखवले, त्यात त्याचेही दोन होते. टाळ्या पडल्या तशा मीही वाजवल्या. बाबा, स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

हे पत्र कुठे पाठवणार? कपाटात कागदांखाली सरकवून देईन. तुमच्या सुनेलाही दाखवणार नाही, कारण तो काही बोलला नाही हे तिलाही मीच सांगितलंय. तो बोलला होता. फडकं सोडलं तेव्हा त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, नको. मी ऐकलं. त्याचा हात मनगटाला धरून खाली घेतला, अंगावरच्या कापडाखाली दाबला, लहान पोरांचा दाबतात तसा. "दोन मिनिटं गा बाबा," म्हणालो, आणि कात्री लावली.