वरच्या फळीपर्यंत

साइमा तळ्याकाठी,
१४ ऑक्टोबर

चि. हिल्का,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत. सकाळपासून तळ्यावर धुकं आहे, पलीकडचं बेट आज उगवलंच नाही. मघाशी एक होडी गेली, ती नुसती ऐकू आली. दिवसभर अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. बटाटे काढून झाले. यंदा मुरंबा मी केला, जरा करपला.

तुझ्याकडे मागितलेला, वजन उचलणाऱ्यांचा कंबरेचा पट्टा मिळाला. कातडं इतकं ताठ आहे की टेबलावर एकटाच उभा राहतो. तू फोनवर हसलीस, "दादा, पंचाहत्तरीत कुठलं पदक आणायचंय?" मी विषय बदलला. पदकं तुझी, पोरींना वजन उचलायला शिकवण्यात तुझा जन्म गेला. मी आपला सुतार.

आधी चुकलोच. पोट आत ओढून पट्टा करकचून आवळायचो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग तुझं ओरडणं आठवलं: "आत नाही रे, बाहेर! श्वास छातीत नको, पोटात भर आणि चहूबाजूंनी पट्ट्यावर ढकल. उचलायचं तुलाच आहे, पट्टा काही उचलत नाही." आता बरगड्यांच्या खाली, कंबरेच्या हाडांच्या वर बांधतो, बोट शिरेल इतपत. गुडघे वाकवतो, वजन अंगाशी घेतो, श्वास कोंडून उठतो, सरळ झालो की सोडतो. काम झालं की पट्टाही सैल करतो. पाठ कुरकुरायची थांबली आहे.

अडचण एकच. माझं वजन मध्येच बोलतं. काल म्हणालं, "तौनो, तुझं तोंड उकडलेल्या बीटासारखं झालंय!" मला हसू आलं, श्वास सुटला आणि आम्ही दोघंही पलंगावर पडलो.

समजलीस ना. बर्फ वितळायच्या सुमारास तुझ्या वहिनीचे पाय गेले. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हाताऱ्यांची सोय बघणाऱ्या नगरपालिकेच्या बाईंना फोन केला असतास, आणि त्यांनी तिला वृद्धाश्रमात नेलं असतं. तिथे सगळं नीटनेटकं आहे, मी पाहून आलो. पण मला ती इथे हवी. तिच्याशिवाय मला झोप लागत नाही. या वयात हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून अंगणात, एवढं जमतं. पण शनिवारी सौनाच्या वाफेच्या खोलीत तिला वरच्या, सगळ्यात गरम फळीवरच बसायचं असतं. खाली बस म्हटलं तर म्हणते, "खाली पाहुणे बसतात."

या शनिवारी तिला वर नेलं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, बर्चच्या पानांचा वास सुटला. ती डोळे मिटून गुणगुणत होती. मग तिला उतरवायला पट्टा बांधला, श्वास कोंडला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. इतक्या उष्णतेत श्वास कोंडायचा नसतो, हे तू कसं सांगणार? मी कुठे उचलतोय हे तुला माहीतच नव्हतं. पट्टा सोडून तिच्या शेजारी बसलो.

भट्टी हळूहळू निवत गेली. खिडकीतलं तळं आधी गुलाबी झालं, मग राखाडी. एका टॉवेलात आम्ही दोघं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, आपलं नुकतंच लग्न झालंय आणि खाली उतरायची घाई कुणालाच नाही. मी घाबरलो होतो, हिल्का, तरीही ते संपू नये असं वाटत होतं.

अंग निवल्यावर बसल्या बसल्या एकेक फळी घसरत उतरलो. ती हसून हसून बेजार झाली. जमिनीवर पोचल्यावर मात्र हसायची थांबली.

"मला आश्रमात पाठव रे," म्हणाली. "मी पडले तर तू उचलशील. तू पडलास तर मी नुसती बघत बसेन."

मी तिचे पाय पुसत राहिलो.

जड वजनाला हात घालताना मागे कुणीतरी उभं हवं, असं तू तुझ्या पोरींना बजावतेस. मला बजावलं नाहीस, म्हातारा हौस करतोय असं तुला वाटलं असणार. माझ्या मागे कुणी नाही. तू ये. त्या बाईंना फोन करायचाच असेल तर इथे येऊन, वहिनीशेजारी बसून कर; मी अडवणार नाही. पण त्याआधी एकदा, आपण दोघं मिळून तिला वर नेऊ.

दमलोय गं.

तुझा,
तौनोदादा