नाकाने उलटलेली पानं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी पत्रं उशाखाली घेऊन झोपतोय आणि उत्तर उद्यावर ढकलतोय, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझं बोलणं वाचेल. बाबांच्या हातांबद्दल तू लिहिलंस, ते पुन्हा पुन्हा वाचतो. सध्या आमची टोळी दोरावर लटकून पवनचक्क्यांची पाती धुते. वरून सगळं मुंग्यांएवढं दिसतं. खाली एक पांढरा घोडा आहे, तो रोज... जाऊ दे, घोडा नंतर.

हात गेले, पुढे मान जाईल, मग श्वास, असंच म्हणाले ना डॉक्टर? मग मान आहे तोवर बाबांना वाचू दे. जन्मभर बाइंडिंगच्या दुकानात लोकांची पुस्तकं शिवली आणि वाचले काय, तर दुमडताना हाताशी आलेले सुटे फर्मे, म्हणजे मधलीच आठ-सोळा पानं. एक तरी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचंय म्हणाले आणि तेच पुस्तक हातातून निसटून छातीवर पडलं, हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही.

म्हणून ई-बुक रीडर पाठवतोय. नवा परवडेना. टॅबलेट स्वस्तात मिळत होता, पण तो जड, आणि त्याचा उजेड डोळ्यांत घुसतो. हा पाटीहून हलका, दिसायला कागदासारखा, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. बटणांचा हवा होता, पण जुन्या वस्तूंच्या दुकानात हा एकच होता, काचेला बोट लावून पान उलटायचा. दुकानदार म्हणाला, आधीचा मालक आता वाचत नाही. मी पुढे काही विचारलं नाही, कारण तिथे एक ट्रम्पेट होता आणि मी तो वाजवून बघत होतो.

रागव हवं तेवढं, लोभ तेवढा राहू दे.

तुझा,
भिंगरी

ता. २ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ट्रम्पेट फुंकणाऱ्याने खरेदी केली की काय होतं ते ऐक. मी बाबांचं बोट धरून टेकवलं, तरी त्या काचेला ते कळतच नाही. सरसाने आणि दाभणाने कातडं इतकं निबर झालंय की काच दाद देईना. मी ते यंत्र तुझ्या नावाने फेकणार होते, तेवढ्यात बाबांनी मान पुढे करून नाक टेकवलं आणि पान उलटलं! किती दिवसांनी हसलो आम्ही. म्हणतात, लोकांच्या भानगडीत कधी खुपसलं नाही, म्हणून शिल्लक राहिलंय. आता मी कारखान्यात चादरींना काठ मारायला जाते, तेव्हा रीडर त्यांच्या तोंडासमोर फळीला बांधून जाते.

पण एक विचित्रच आहे. आत आधीच्या मालकाचं एक पुस्तक निघालं, अर्धवट वाचलेलं. त्याचे मधले फर्मे बाबांनी कधीकाळी दुमडताना वाचले होते, म्हणून हट्टाने तेच पहिल्यापासून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांचं वायफाय जोडून दिलं आणि ते यंत्र विचारायला लागलं, की तुम्ही दुसरीकडे याच्या पुढे वाचलंय, तिथे नेऊ का? बाबा म्हणतात, अंथरुणातून मी कुठे जाऊन वाचून आलो? आता तर ओळींखाली आपोआप रेघा उगवतायत.

मान संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तू ये असं मी लिहीत नाही. समजून घे.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घोळ माझाच. जुना रीडर घेताना पहिल्या मालकाचं खातं काढून तो कोरा करून घ्यायचा असतो. खातं तसंच राहिलंय. म्हणजे कुणीतरी फोनवर तेच पुस्तक वाचतंय. त्याची खूण इकडे येते, बाबांची तिकडे जाते. सेटिंगमध्ये सगळ्यात खाली रीसेट आहे, ते दाब. पुस्तकही पुसलं जाईल, पण मी दुसरं भरून देईन. नाहीतर त्या माणसाला वाटेल, घरात चोर शिरलेत.

पण दुकानदार तर म्हणाला होता, तो वाचत नाही. मग वाचतंय कोण? दोरावर हाच विचार करत लटकलो होतो, तर मुकादमाने खालून माझा उद्धार केला. हंगाम संपला की येतो, नक्की.

आहे तशी माया असू दे.

तुझा,
भिंगरी

ता. ८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रीसेट दाबलं नाही. बाबांनी दाबू दिलं नाही. म्हणाले, शाळा सुटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाकावर येऊन बसलंय. तो पुढे गेला की हे नाकाने भराभर पानं उलटत त्याला गाठायचे, आणि हे पुढे गेले की थांबायचे. मग शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी त्याची खूण अडली. बाबाही तिथेच अडून बसले. मी चिडले, मान आहे तोवर संपवा की! तर म्हणे, बरोबर निघालेल्याला टाकून कसं जायचं, आजारी असेल बिचारा. त्यांनी सांगितलं म्हणून शेवटच्या रेघेखाली मी टिपण लिहिलं: मी पुस्तकं बांधणारा म्हातारा, तुमचा रीडर माझ्याकडे आहे, बरे आहात ना? खाली आपला पत्ता. उत्तर आलं नाही.

काल मान गेली. नाक काचेपर्यंत पोचत नाही. मी पान उलटू का, असं विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. बोललेलं आता मलाच कसंबसं कळतं.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. वाटलं, तूच. दारात एक बाई होती, फोन छातीशी धरलेला. नवरा गेल्यावर तिने त्याच्या वस्तू विकल्या. त्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक निदान आपण पुरं करावं म्हणून फोनवर उघडलं, तर त्याची खूण पहिल्या पानावर जाऊन पुन्हा पुढे सरकायला लागलेली. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून ती गुपचूप त्याच्याबरोबर वाचत राहिली. शेवटच्या प्रकरणापाशी थांबली, कारण संपलं की तो परत जाणार. मग माझं टिपण आलं. आधी रडले, मग तुम्हाला शिव्या दिल्या, मग गाडी पकडली, म्हणाली. वाचतं कोण, विचारलं. मी आत हात केला.

ती खुर्ची ओढून पलंगाशी बसलीय. बाबांनी डोळे उघडलेत. तिचं बोट काचेपाशी आहे, पण पान अजून तेच आहे.

हंगाम संपायची वाट बघू नकोस. ये.

तुझी,
ताई