आवाजाचे बटण कोणाकडे जावे याविषयी

आज सकाळी देवाचे नाव घेऊन मी अँप्लिफायरचे आवाजाचे गोल बटण ओढून काढले, रुमालात बांधले आणि आवाजामुळे ज्यांना सगळे गर्जना पास्टर म्हणतात, त्या आमच्या चर्चच्या जुन्या पास्टरांच्या घरी गेलो. यावरून कोणी म्हणेल की माझे डोके ठिकाणावर नव्हते. म्हणून आधीच लिहून ठेवतो की ते ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे आणि त्याचे ऑपरेशन उद्या आहे. मी सभांना लाऊडस्पीकर पुरवतो, गावच्या शाळेत शिकलो आहे आणि हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बायको मागे उभी राहून वाचते आहे, ते दडपणात धरू नये.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि शेवटचा शब्द पत्नीस. शेवटचा शब्द तिच्या ताब्यात आधीपासूनच आहे.

२. पक्कड, मीटर, तारांची वेटोळी आणि दोन्ही कर्णे मुलीस. तिला माझ्यापेक्षा कमी शॉक बसतात.

३. माझी शिडी मेव्हण्याकडे आहे. ती त्यालाच देतो, म्हणजे परत मागण्यातून मी सुटलो.

४. अँप्लिफायर आमच्या चर्चच्या मंडळीला, पण बटणाशिवाय. त्याचे कारण असे.

आजाऱ्याने औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास, असे गर्जना पास्टर सांगत. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. प्रवचनात ते त्या विषयाकडे वळले की मी हळूच आवाज खाली घेई. पण झाले भलतेच. आवाज बारीक झाला की सगळी सभा श्वास रोखून पुढे वाकायची आणि नेमके तेवढेच घरी घेऊन जायची. मोठ्या आवाजात सांगितलेले कोणाच्याच लक्षात राहिले नाही. माझ्या राहिले, कारण माझी खुर्ची कर्ण्याखाली असे. ते ओरडून सांगत, "ज्याच्याशी तुझं पटत नाही, त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना कर. नुसतं 'सर्वांचं भलं कर' म्हणून अंग काढून घेऊ नकोस!" हे मी त्यांच्याकडून शिकलो. रोज पहिले नाव त्यांचेच घेतो, दुसरे मेव्हण्याचे.

५. पुढे औषधाच्या त्याच शिकवणीवरून मंडळीच्या पंचांनी पास्टरांना मंडळीत बोलायला बंदी केली. तरी माझ्या दफनाच्या वेळी तेच बोलतील. मेव्हणा पंचांपैकी आहे. तो म्हणाला, "दाजी, त्या माणसाला उभं केलंत तर मी यायचा नाही."

मी म्हणालो, "मग कर्णा झाडावर बांधायला शिडी कोण आणणार?"

तो विचारात पडला. म्हणजे येईल.

६. सकाळची हकिकत. ऑपरेशनचे ऐकताच पास्टर कडाडले, "मग विश्वास कुठे गेला तुझा?"

"पास्टर, तुमच्या तोंडात ती कवळी आहे, ती कोणत्या विश्वासाची?"

 त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. एक शब्द कळला नाही. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागाच सापडली नाही, असे प्रथमच घडले. मी मोठ्याने 'आमेन' म्हणालो.

मग रुमाल सोडला आणि बटण त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी कवळी परत बसवली. "तू हे फिरवायचास, ते मला ठाऊक होतं रे. लोक पुढे झुकले की मला बरंच वाटायचं."

बटण काढण्याआधी मी आवाज पूर्ण वर नेला होता. आता तो कोणालाही खाली घेता येणार नाही, मलासुद्धा.

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी

लिहून देणार: लाऊडस्पीकरवाला (सही)

साक्षीदार:
१. गर्जना पास्टर (सही; ऑपरेशनला विरोध कायम, उद्या दवाखान्यात सोबत येणार)
२. मेव्हणा (सही, पहिल्या साक्षीदाराला विरोध कायम, त्यांना दवाखान्यात आपल्या गाडीवर नेणार)