खाऱ्या विहिरीचं पाणी

आये,

आज परसात पडवळाच्या टोकाला दगड बांधत होते, पडवळ वाकडं होऊ नये म्हणून तू बांधायचीस तसाच, सुतळीनं. बांधता बांधता हात थांबला आणि चाळीस वर्षं गिळलेलं बोलणं वर आलं. तू असतीस तर अजूनही बोलले नसते.

मराठी चौथी झाली तेव्हा मी तुझ्यामागे भुणभुण लावली होती, मला रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत घाल. बाबा आगबोटीवर नोकरीला, घरात आपण दोघीच. तू म्हणालीस, या उन्हाळ्यात परसातला पडवळाचा मांडव हिरवा ठेवलास आणि वेलाला पडवळं धरली तर घालीन. तुझा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. घरामागची विहीर समुद्राच्या अंगाला. चैत्र लागला की तिचं पाणी खारं होई. भांड्यांना चाले, पण वेलाला घातलं की वेल करपे. म्हणून मी टेकाडावरच्या गोड्या विहिरीवरून पाणी आणायचे, सकाळी सहा कळशा, ऊन उतरल्यावर सहा. कातळावर पाय भाजायचे, कंबर सोलून निघायची. पण फुलं आली, बोटबोटभर पडवळं लोंबू लागली, आणि मी शेजारपाजारी सांगत सुटले की मी शाळेत जाणार. भारी मिजास होती तेव्हा माझी.

वैशाखात वेळणेश्वरचं स्थळ आलं. बाबांचं पत्र आलं, घर चांगलं आहे, होकार कळवा. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून ते मीच तुला वाचून दाखवलं. वाचून हसले आणि म्हटलं, आपलं ठरलंय ते आधीचं आहे. तू पत्र माझ्या हातून घेतलंस आणि घडी घालून फळीवर ठेवलंस.

चार दिवसांनी मी कळशी घेऊन टेकाडावरून उतरतेय, तर तू मागच्या विहिरीचं पाणी शेंदून मांडवाखाली ओततेस. एक घागर, दुसरी, तिसरी. पदर तोंडात कोंबलेला. मी परसाच्या दगडी गडग्याआड उभी राहिले, हाक मारली नाही. आठवड्याभरात पानं करपली, पडवळं पिवळी पडून गळली. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "तुझ्या मेहनतीत काय उणं नव्हतं गो बाय. वेलाच्याच मनात नव्हतं." मी मान हलवली. पावसाआधी लग्न लागलं.

बाबांना नाही म्हणणं तुला जमणारं नव्हतं, आणि माझ्या तोंडावर शब्द मोडणंही जमलं नाही. हे आता कळतं. कळतं, पण राग जात नाही. सरळ नाही म्हणाली असतीस तर रडून मोकळी झाले असते. राबलं की मिळतं असं कुणी पोरांना सांगू लागलं की मी तिथून उठून जाते.

माझ्या लेकीला मी सगळ्या घराशी भांडून मॅट्रिक केलं. लोक म्हणतात, आईची माया. हा कागद चुलीतच जायचा आहे, म्हणून लिहिते. तिला शिकवताना माझ्या मनात ती कमी होती, तू जास्त.