डोळे मिटून पालकसभा

१५ नोव्हेंबर १९२६
धुळ्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आता अमलात आणणार. पालकांवर ओरडायचं नाही. आधी डोळे मिटून प्रार्थना, मग सहानुभूतीने ऐकायचं. इंग्रजीत सिंपथी. मुख्य काम तानूचं. झुलालची ही पोर चौथीत, वर्गात सगळ्यांत हुशार. बाप तिचं शाळेतून नाव काढून लग्न लावायच्या बेतात आहे. त्याचं मन वळवणारच.

१७ नोव्हेंबर
पहिली पालकसभा. शाळा मारुतीच्या देवळात, सभाही तिथेच. आला एकटा कौतिक. बाकीचे कपाशी वेचायला. कौतिक मुलाचं सोडून हरवलेल्या बैलाबद्दलच विचारत बसला. प्रार्थना मात्र उत्तम, बराच वेळ चालली. सौ. कुंदाच्या कानावर आलं की गुरुजी डोळे मिटून डुलत होते. दुपारी जेवून बसू नका, झोप लागते, असं तिचं म्हणणं. ध्यान आणि झोप यांतला फरक बायकांना सांगून उपयोग नाही.

१९ नोव्हेंबर
कौतिकचा बैल सापडला. का कोण जाणे, त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
सभेला अख्खं गाव! बायकासुद्धा. एरवी मंगळवारी वना भगताच्या अंगात देव येतो आणि लोक त्याच्याकडे गर्दी करतात. वना भुसावळला लेकीकडे गेलाय, म्हणून सवड झाली असावी. प्रत्येकाने नारळ आणला. शिक्षणाविषयी एवढा आदर! इन्स्पेक्टरसाहेबांना अटेंडन्सचा रिपोर्ट धाडला.
दिवसभर शिकवून अंग आंबलं होतं. झुलालची पाळी शेवटी. तो काय बोलला ते प्रार्थनेच्या तंद्रीत नीट ऐकू आलं नाही, पण मान हलवून सहानुभूती दाखवली. डोळे उघडले तेव्हा तो हात जोडून रडत होता. बापाचं मन वळलं. तानूचं काम झालं.

२९ नोव्हेंबर
तानू आठवडाभर गैरहजर. वेचणीला गेली असेल. उद्या निरोप धाडावा. आज थकवा.

६ डिसेंबर
झुलाल अक्षता घेऊन आला. म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "तुमलेच इचारं ना, यंदा पोरनं लगीन करू का? देवनी तुमनी मुंडी हालाई." समजावलं, ओरडलो, शेवटी झोप लागली होती हेही कबूल केलं. तो हसला. म्हणाला, वनालेबी नंतर काही आठवत नाही.

१२ डिसेंबर
लग्नाला गेलो. न जाऊन कसं चालेल? मला मानाचा पाट. हळदीने माखलेली तानू पाया पडायला आली. वाकूनच हळू म्हणाली, "गुरुजी, देवले आखो एकदाव इचारा ना."
फार लाज वाटली. तोवर ताट आलं. जेवलो.