परातीची उडती तबकडी

१२ जानेवारी, रविवार

निर्लज्जपणा! दुसरा शब्द नाही.

ह्यांचा सिनेमा इंटरनेटवर टाकला. मला न विचारता. श्रीमंतच्या मुलीनं, शिवांजलीनं. श्रीमंत म्हणजे त्या काळी तुळजापुरात लग्नांची शूटिंग करणारा, ह्यांच्या खुळाचा कॅमेरामन. कॅसेट त्याच्याकडं पडून होती. मला वाटलं, एव्हाना बुरशी लागून गेली असेल. गेली असती तर बरं झालं असतं.

आणि मला सांगितलं कुणी? दूधवाल्यानं! "बाई, सर मंगळावर लई भारी दिसायलेत." सगळ्या गल्लीनं पाहिला. शाकंभरी नवरात्राच्या गर्दीत देवीच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या लोकांनीही पाहिला असेल. बायकोला तेवढा पत्ता नाही.

१३ जानेवारी, सोमवार

पाहिला. अर्धाच.

"तांबडा ग्रह, हिरवा माणूस." लेखक, दिग्दर्शक आणि स्वतः हिरवा माणूस — आमचे हे. गोपाळकृष्ण, विज्ञान शिक्षक. साल ब्याण्णव.

मंगळ म्हणजे मुरमाची खाण. तिच्यामागून सोलापूरची एस.टी. जाते, चांगली दोनदा. अंतराळवीराच्या पाठीवर प्राणवायूची टाकी म्हणून फवारणीचा पंप. हिरव्या माणसाचे डोळे म्हणजे देवीच्या माळेतल्या कवड्या. पृथ्वीचा स्फोट होतो तेव्हा पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात, कारण श्रीमंतच्या मशीनमध्ये फक्त लग्नाचेच इफेक्ट होते!

आणि उडती तबकडी म्हणजे माझी पितळेची परात. आईनं दिलेली. तिला तीन भोकं पाडून दोऱ्यानं टांगली. ते कळलं त्या दिवशी मी ह्यांना जे सुनावलं, ते शेजारच्या हरणाबाईंना अजून पाठ आहे. हे एक शब्द उलट बोलले नाहीत. कधीच बोलायचे नाहीत.

सिनेमाखाली लोक काय काय लिहितात! "हसून पोट दुखलं." "याच्यापेक्षा आमच्या शाळेचं गॅदरिंग बरं." एक शहाणा लिहितो, "एलियनचा आवाज ऐका. जनरेटर बिघडलाय."

जनरेटर!

१५ जानेवारी, बुधवार

श्रीमंतच्या घरी जाऊन आले. पायातली चप्पलही काढली नाही.

"बाई, बसा तरी."

"बसायला नाही आले. तो सिनेमा काढा."

शिवांजली म्हणाली, "बाई, लोकांना खरंच आवडलाय. हसतेत, पण परत परत बघतेत."

"घसरून पडलेला माणूससुद्धा लोक परत परत बघतात. रविवारपर्यंत काढायचा."

"काढते," म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आलं तर आलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला शिकवायच्या, रडणाऱ्याशी वाद घालू नये, वाट पाहावी. मी वाटही पाहिली नाही.

दारापर्यंत श्रीमंत मागं आला. म्हणाला, "एक सांगू का बाई? तेवढाच सरांचा आवाज ऱ्हायलाय बघा."

घरी येईपर्यंत चालले कशी, आठवत नाही.

ह्यांचा आवाज. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो गेला. त्यानंतर जे काही सांगायचं ते पाटीवर लिहायचे — "मीठ कमी." "पंखा." मग हेही गेले. त्यालाही तीन वर्षं झाली. आणि आता मला तो आवाज आठवत नाही. जाड होता की बारीक, तेही नाही. हे कुणाला सांगणार? बायकोला नवऱ्याचा आवाज आठवत नाही!

चेहरा आहे, भिंतीवर, फोटोत. त्या भिंतीशी मी रोज बोलते. लाइट गेली, हरणाबाईंचा गुडघा, मटार महाग. भिंत ती भिंत.

१६ जानेवारी, गुरुवार

शिवांजलीला फोन केला. काढू नकोस म्हटलं. का ते विचारू नकोस, हेही म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार

आता पूर्ण पाहिला. परत पाहिला. परत.

तो आवाज डोक्यातून जात नाही. खोल, घोगरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शब्द एकही कळत नाही. खाली अक्षरं येतात — "पृथ्वीवासीयांनो, तुमचा काळ भरला आहे." सकाळी पाण्याची मोटर लावली, तिच्यात तो. कुकरमध्ये तो. स्टँडवर गाडी मागं घेत होते, तिच्यात तो. मी पिशवी घेऊन तिथंच उभी. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसायचंय का न्हाय?"

डोळे मिटून ऐकते. वाटतं, आता ओळखेन. ओळखत नाही.

भाचा आला की मोठ्या पडद्यावर विलायती सिनेमे दाखवतो. त्यांत आख्खी शहरं हवेत उडतात. मी निवांत स्वेटर विणत असते. त्यांत कुणाचा हात दिसत नाही. ह्यांच्या सिनेमात दिसतो. परात उडताना वरच्या कोपऱ्यात बोटं दिसतात. दोरा धरलेली, मधल्या बोटावर चुन्याचा डाग असलेली. ती बोटं श्रीमंतनं सिनेमातून कापायला हवी होती. नाही कापली. किती बरं झालं.

मी फोनच्या काचेवर बोट टेकवलं. सिनेमा थांबला. गाढवासारखा.

२३ जानेवारी, गुरुवार

श्रीमंत आला होता, मुलीला घेऊन. तिळगूळ द्यायचं निमित्त. मी विचारलं, मंगळाची ती भाषा ह्यांनी बनवली कशी?

"सोपं हुतं बाई. सरांचीच युक्ती. कॅसेट भरायची, मग खोलून आतली फीत पिळून बसवायची. सगळं उलटं वाजतंय. त्यात टेप सावकाश सोडायचा. झाली मंगळाची भाषा!"

"मग मुळात काय बोललेत?"

"मला बी ठाव न्हाय. तयार कॅसेट आणून दिली. इचारलं तर निस्ते हसले."

शिवांजली म्हणाली, "बाई, फोनवर सुलटं करता येतंय की. वेग बी नीट करते. आत्ता करू का?"

म्हटलं, आत्ता नको. रविवारी या. घर आवरायचंय.

आवाज ऐकायला घर कशाला आवरायचं! पण शुक्रवार-शनिवार आवरायचं ठरवलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

हरणाबाईंना बोलावलं नाही. पडदे धुतले होते. फोटो पुसला. हिरवी इरकल नेसले.

शिवांजलीनं फोन टेबलावर ठेवला. खरखर. मग आवाज आला.

बाईचा.

माझा!

"परातीला भोकं पाडलीत? माझ्या आईच्या परातीला? आता कणीक कशात मळू, तुमच्या टकलावर? मंगळावर जायचंय ना? जा! येताना पोळ्या तिथूनच आणा!"

कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की पट्टी बसायची. भांडायला मात्र मला हीच भाषा. काय ते सूर! चढत चढत चाललेत. म्हणजे पृथ्वीला दम देणारा मंगळाचा हिरवा माणूस, ज्याला जनरेटर म्हणून लोक हसले, तो मी! ह्यांनी फळीवर टेप चालू ठेवला होता. मी तोंड सोडलं आणि हे गुपचूप रेकॉर्ड करत राहिले!

श्रीमंत छताकडं बघत होता. शिवांजलीला हसू फुटलं. माझं तोंड पाहिलं आणि विरलं.

"बंद कर," म्हटलं.

"बाई, पुढं अजून हाय—"

"बंद कर, म्हणते ना!"

ती जाताना ते सुलटं केलेलं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर ठेवून गेली. कशाला? माझा आवाज मला रोज ऐकू येतो. ह्या घरात तोच तर एक आहे. मला ह्यांचा हवा होता. सबंध सिनेमात ह्यांचा एक शब्द नाही. घरात अबोल, मंगळावरही अबोल.

२७ जानेवारी, सोमवार

भिंतीशी बोलले नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आजही नाही. माळ्यावरून परात उतरवली. चिंच लावून घासली. भोकांतून ऊन खाली फरशीवर पडलं, तीन ठिपके. बराच वेळ ते सरकताना बघत बसले. मूर्खपणा.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटपर्यंत ऐकलं.

मी परात ठेवते, आदळतेच. मग माझा आवाज: "अहो, ऐकताय का? का मी भिंतीशी बोलतेय?"

थोडी खरखर. मग टेपच्या अगदी जवळून, हळू, थोडासा किनरा —

"ऐकतोय."