डॉक्टरांच्या टेबलावरचा पंप

ती. ताईस,

अर्धा वाकून नमस्कार (उरलेला अर्धा कंबर सुटल्यावर). माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तू म्हणाली होतीस, "नवरा पाठ करून झोपला तर तूही पाठ कर, पण पाठीला पाठ लागू दे." वीस वर्षं ते वाक्य मी जपलं. पण नवरा पाठीसकट बाहेरच्या खोलीत गेला तर काय करायचं, हे तू सांगितलं नव्हतंस. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची शुगर? सविस्तर लिही, कारण मीही आज सविस्तर लिहिणार आहे. पत्र एकटीने वाच.

तर आमचे हे दोन वर्षांपूर्वी गादी उचलून बाहेर गेले. कारण सांगितलं, तू घोरतेस. (घोरते मी. पण अठरा वर्षं घोरतच होते.) खरं कारण मधुमेह, आणि त्यापायी यांच्या शरीराने एका बाबतीत दिलेला सपशेल नकार. गोळ्या झाल्या. चेहरा लाल, डोकं ठणठण, बाकी शांतता. इंजेक्शन एकदा घेतलं, पुन्हा नाव काढलं नाही. मग हे माझा हातही चुकवायला लागले. चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवायला सांगत. ताई, त्या गोष्टीपेक्षा मला तो कप जास्त लागला.

शेवटी मीच डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, ऑपरेशन करून आत दोन नळ्या, पोटात पाण्याची छोटी पिशवी आणि खाली, कोणाला दिसणार नाही असा, पंप बसवायचा. पंप दाबला की पाणी नळ्यांत, काम झालं की परत पिशवीत. 'पंप' म्हटल्यावर तीस वर्षं पंपदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टरांनी टेबलावरचं मॉडेल दाबून दाखवलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. अगदी आमच्या घरच्यासारखंच. "नमुना आहे, होतं कधीकधी," असं ओशाळून म्हणेपर्यंत त्यांना शेजारच्या खोलीतून बोलावणं आलं.

आता बंद पंपाबरोबर एका खोलीत हे स्वस्थ बसू शकत नाहीत, तुला ठाऊकच आहे. (तुझ्या मुलीच्या लग्नात पाहुणे जेवत होते आणि हे हॉलच्या टाकीवर चढले होते.) डॉक्टर परतले तेव्हा आमच्या शुगरच्या रिपोर्टवर सगळे भाग ओळीने मांडलेले, टेबलभर पाणी आणि यांच्या हातात खिशातला स्क्रू ड्रायव्हर. मी खुर्चीतच मेले. हे मात्र दुकानातल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, माल चांगला आहे. व्हॉल्व्ह उलटा बसवलाय कोणीतरी. कधीपासून असा आहे?"

"सहा महिने तरी."

"म्हणजे सहा महिने पेशंट हे बघून घरी जातायत?"

"जातात," डॉक्टर म्हणाले, "आणि परत येत नाहीत."

यांनी भाग जोडले, दोनदा दाबलं, आणि ते मॉडेल ताठ उभं राहिलं. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. मग हे हसले. दोन वर्षांनी, खांदे हलेपर्यंत.

डॉक्टरांनी धोकेही सांगितले. जंतुसंसर्ग होऊ शकतो, आधी शुगर खाली आणायची, एकदा बसवलं की शरीराचं जुनं तंत्र परत येत नाही. स्कूटरवर यांनी विचारलं, "अगं, दहा वर्षांनी बिघडला तर?" म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही उघडायचा नाही." पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. पण गादी त्याच दुपारी आत आली. बाहेर तिला ऊन लागतं म्हणे. आणि काल कप यांनी माझ्या हातातून घेतला.

तुझी,
धाकटी

ता. क. : घरात हर्निया म्हणून सांगितलंय. सासरे रोज स्वतःचा जुना पट्टा आणून देतात. तूही हर्नियाच म्हण.

पुन्हा ता. क. : मागच्या खेपेला तुझ्याकडे भावोजींची गादी गॅलरीत पाहिली. तू म्हणालीस, मी घोरते म्हणून. ताई, हे कारण आमच्याकडे वापरून झालंय. पुढच्या सोमवारी अकराची वेळ मी तुमच्या दोघांच्या नावाने घेऊन ठेवली आहे. मॉडेल आता नीट चालतं. तू नाही म्हणणार, भावोजी तर ऐकूनच घेणार नाहीत, सगळं माहीत आहे. तरी त्यांना घेऊन ये.